बॅटरी नवी, तरी सेल्फ लागत नाही: जुन्या मोटारसायकलचं स्टार्टिंग आणि चार्जिंग कसं तपासावं

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. गाडी सतरा वर्षांची, १२ व्होल्टची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. सकाळी बटण दाबलं की नुसता ‘टक’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही. वर्षभरात दोन बॅटऱ्या झाल्या, मग रेक्टिफायर बदलला. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हल्ली रात्री अर्धा तास चालवली की हेडलाइट पिवळा पडतो आणि इंजिन मिसिंग करतं. आता सेल्फची मोटर बदलून बघू का, असं तुम्ही विचारताय.

मोटर बदलू नका. निदान आज तरी नाही. मी तीसेक वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय, आणि अशा गाडीत चांगले पार्ट काढून टाकले जातात हे मला फार वेळा बघावं लागलंय. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि इंडिकेटरचा एक बल्ब, एवढ्यावर तुमचा दोष सापडेल. तो सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

स्टार्टिंग आणि चार्जिंग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपल्याला वाटतं, पण गाडीत ते एकच चक्र आहे. बॅटरी सेल्फला करंट देते. इंजिन चालू झालं की मॅग्नेटच्या आतली स्टेटर कॉइल एसी करंट तयार करते. रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, व्होल्टेज आवरतो आणि घेतलेलं बॅटरीला परत करतो. या चक्रात कुठेही गळती झाली तरी आधी बॅटरीच हात टेकते, त्यामुळे दोषही तिच्याच माथी येतो. नवी बॅटरी येताना भरलेली असते. चार्जिंग होत नसेल तरी आठवडाभर ती स्वतःच्या पुंजीवर गाडी चालवते. तुमचा ‘आठवडाभर बरं’ हा नेमका तो काळ आहे.

तरीही सुरुवात बॅटरीपासूनच करायची, कारण बॅटरी अर्धी असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी किल्ली न लावता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावा. १२.६ ते १२.८ दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ किंवा त्याखाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे, तिच्यावर दुसरी कुठलीही परीक्षा घेऊ नका, आधी चार्ज करा. बाहेरच्या चार्जरवर करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका ठेवा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. घाईने जास्त करंट दिला की छोटी बॅटरी आतून तापते आणि प्लेटा वाकतात. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जागा मोकळी हवी आणि जवळपास ठिणगी नको.

चार्जरवरून नुकत्याच उतरवलेल्या बॅटरीचं माप खरं धरू नका. वरवरचा चार्ज चढलेला असतो, मीटर १३ दाखवतो आणि दहा मिनिटांत खाली येतो. काही तास थांबा, किंवा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा.

उभ्या बॅटरीचं व्होल्टेज हे अर्धंच सत्य असतं. सेल्फ मारताना ते कुठवर पडतं हे उरलेलं अर्धं. मीटर टर्मिनलवर धरून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. चांगली बॅटरी ९.६ ते १० व्होल्टच्या खाली सहसा जात नाही. मोटर फिरायचा प्रयत्न करतेय आणि मीटर ७-८ वर कोसळतोय, तर बॅटरी गेली, किंवा मोटर आतून जाम होऊन भलताच करंट ओढतेय. आणि भरपूर चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, त्यातला एक वजा झाला की हाच आकडा उरतो. त्यावर उपाय नाही, ती बॅटरी बदलावीच लागते.

तुमच्या दोन बॅटऱ्यांबद्दल मला एक शंका आहे. ॲसिड भरायच्या कोरड्या बॅटऱ्या पुष्कळदा ॲसिड ओतून लगेच गाडीत बसवल्या जातात. ॲसिड भरल्यावर अर्धा-एक तास ती तशीच ठेवायची, पातळी पुन्हा बघायची आणि मग मंद करंटवर पूर्ण चार्ज करायची असते. हा पहिला चार्ज चुकला तर ती बॅटरी आयुष्यभर पूर्ण क्षमतेला पोचत नाही. पुढची बॅटरी घ्याल तेव्हा हा चार्ज स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्या. पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड नाही आणि नळाचं पाणी तर अजिबात नाही.

बॅटरी ठीक आहे असं धरू आणि त्या ‘टक’ कडे येऊ. इथे हेडलाइटसारखं दुसरं साधन नाही. (हेडलाइट बॅटरीवर चालत नसेल तर ब्रेक लाइट लावून बघा.) लाइट लावा, त्याच्याकडे बघत सेल्फचं बटण दाबा आणि काय होतं ते नीट बघा. लाइट पूर्ण विझला आणि बटण सोडल्यावर परत आला, तर बॅटरीच्या टर्मिनलपाशी किंवा मुख्य तारेत कुठेतरी जोड कच्चा आहे. लाइटला पुरेल एवढा करंट तिथून जातो, मोटरला पुरेल एवढा जात नाही. लाइट खूप मंद झाला आणि मोटर कण्हली, तर बॅटरी अशक्त आहे किंवा मोटर जड झाली आहे. लाइट तसाच, रिलेची (बटणाच्या आदेशावर मोटरला मोठा करंट जोडून देणाऱ्या स्विचची) टक ऐकू येते पण मोटर गप्प, तर रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेत. आणि लाइट तसाच, टकसुद्धा नाही, तर बटणाचा आदेशच रिलेपर्यंत पोचत नाहीये. मग क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, साइड स्टँडचा स्विच, किल स्विच आणि बटणाच्या आतली हिरवट झालेली पितळी पट्टी, या वाटेने शोधत जायचं. किल स्विच चारपाच वेळा इकडेतिकडे केल्यावर गाडी लागली तर दोष तिथेच आहे असं समजा.

चार्ज केलेल्या बॅटरीवरही तुमच्याकडे टक येत असेल, तर मी जोडांकडे बघेन. सेल्फची मोटर साधारण ५० ते १०० अँपिअर करंट ओढते. समजा ८० अँपिअर वाहतोय आणि एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. तेवढ्यानं १.६ व्होल्ट वाटेतच संपतात. आपला साधा मल्टिमीटर ०.०२ ओहम दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या दोन प्रोबांचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून ‘मीटर लावून बघितला, कंटिन्युइटी आहे, वायर चांगली आहे’ हे जाड तारांबाबत काही सिद्ध करत नाही. बीप वाजवायला केबलचा एक धागा पुरतो, मोटर फिरवायला सगळे लागतात.

म्हणून वाटेत सांडलेला व्होल्टेज मोजायचा, आणि तो करंट वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर म्हणजे खुद्द शिशाच्या भागावर, वरच्या नटावर नाही. दुसरा प्रोब इंजिनच्या खरवडलेल्या, उघड्या धातूवर. आता सेल्फ मारा. आदर्श गाडीत शून्याजवळ काही दिसेल, ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिन-फ्रेमशी जोड) खराब आहे. मग पॉझिटिव्ह बाजू: एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा मोटरच्या टर्मिनलवर, पुन्हा सेल्फ. इथे रिलेही वाटेत येतो म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत सूट द्या. जास्त असेल तर एकेका टप्प्यावर मोजत जा: टर्मिनल ते रिले, रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये, रिले ते मोटर. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. माझ्या कामात या एका परीक्षेनं जितक्या मोटरी भंगारात जाण्यापासून वाचवल्या, तितक्या दुसऱ्या कशानेही नाहीत.

जुन्या गाडीत अर्थची तार सर्वात दुर्लक्षित असते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ती इंजिनच्या किंवा फ्रेमच्या एखाद्या बोल्टवर जाते. त्या बोल्टखाली रंग, तेल आणि गंज यांचा थर बसलेला असतो. गाडीला नवा रंग मारून घेतला आणि मग स्टार्टिंगची तक्रार सुरू झाली, असं असेल तर दुसरीकडे बघायचीही गरज नाही. बोल्ट काढा, खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करा, तारेचं थिंबल (टोकाची धातूची कडी) साफ करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्या. जेली जोड करण्याआधी आत भरायची नाही. तारेचं इन्सुलेशन थिंबलपाशी फुगलेलं किंवा कडक झालेलं दिसलं तर आत तांब्याची हिरवी पूड झालेली असते. ती तार बदला. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

मोटरबद्दल एवढंच सांगतो: रिलेपर्यंत आणि मोटरच्या टर्मिनलपर्यंत व्होल्टेज पुरेसा पोचतोय आणि तरी ती फिरत नाही, तेव्हाच ती खोला. बहुतेक वेळा ब्रश झिजलेले आणि आत कार्बनची काळी पूड साचलेली सापडते. ब्रश आणि सफाईवर काम भागतं. मोटर सुसाट फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, तर मोटरचा जोर इंजिनपर्यंत नेणारा वन-वे क्लच घसरतोय. त्याचा वायरिंगशी संबंध नाही.

आता चार्जिंग. तुमच्या तक्रारीतला मला सर्वात बोलका वाटलेला भाग म्हणजे ‘अर्धा तास चालवल्यावर हेडलाइट पिवळा आणि मिसिंग’. यावरून तुमच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं असं दिसतं. काही जुन्या गाड्यांत सीडीआयला (ठिणगी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) स्टेटरमधल्या वेगळ्या कॉइलमधून थेट करंट मिळतो, त्या गाड्या बॅटरी नसतानाही किकवर लागतात आणि चार्जिंग बंद असल्याचं महिनोन्महिने कळतही नाही. तुमच्याकडे तसं नाही. चार्जिंग थांबतं, बॅटरी खाली येते, इग्निशन कॉइलला व्होल्टेज कमी पडतो, ठिणगी दुबळी होते आणि इंजिन अडखळतं. तेव्हा या मिसिंगसाठी कार्बोरेटर उघडू नका.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बसवा. गाडी किकवर चालू करा, मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर ठेवा. आयडलला १२.८-१३ च्या आसपास दिसलं तर घाबरायचं नाही, जुन्या गाड्या आयडलला फारसं चार्ज करत नाहीत. हेडलाइट लावून रेस ४,०००-५,००० आरपीएमपर्यंत न्या. आता १३.८ ते १४.५ हवं. रेस वाढवूनही आकडा १२.५ वरच रेंगाळतो किंवा खाली सरकतो, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर ओव्हरचार्जिंग आहे, आणि तेही बॅटरी तितक्याच खात्रीने मारतं: पाणी उडतं, बल्ब वरचेवर जातात, बॅटरीच्या कडेला ओलसर ॲसिड दिसतं. ओव्हरचार्जिंगला नेहमी रेग्युलेटरच (रेक्टिफायरमधला व्होल्टेज आवरणारा भाग) जबाबदार नसतो. काही गाड्यांत बॅटरीचा व्होल्टेज ओळखणारी बारीक तार किल्लीच्या स्विचमधून येते. तो स्विच गंजून तिथे १ व्होल्ट गळत असेल तर रेग्युलेटरला बॅटरी उपाशी वाटते आणि तो बिचारा १ व्होल्ट जास्त ढकलत राहतो.

इथे एक कळकळीची सूचना. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘गाडी चालू राहते का’ हे बघायची जुनी पद्धत आहे. ती कृपया करू नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके पचवते. ती बाजूला झाली की क्षणात व्होल्टेज उसळतो आणि बल्ब, सीडीआय, रेक्टिफायर यांतलं काहीही जळू शकतं. जुनं सीडीआय मिळणं किती कठीण असतं हे जुनी गाडी ठेवणाऱ्याला सांगायला नको.

चार्जिंग नाही असं कळलं की पुढचा मुक्काम स्टेटर आणि रेक्टिफायर यांच्यामधला कपलर, म्हणजे तारा जोडणारं प्लॅस्टिकचं सॉकेट. इंजिनमधून बाहेर येणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या रंगाच्या, तीन तारा. तो कपलर खोला आणि आत बघा. प्लॅस्टिक तपकिरी झालंय, पिन काळवंडलीय, एखादी तार कडक झालीय, असं काही दिसलं तर तुमच्या रेक्टिफायरच्या मृत्यूचं कारण बहुधा हातात आहे. जोड ढिला, म्हणून गरम. गरम झाला म्हणून आणखी ढिला. नवा रेक्टिफायर त्याच जळक्या कपलरला जोडला तर तोही त्याच वाटेने जातो. कपलर पूर्ण बदला, किंवा तो काढून टाकून तीन तारा स्वतंत्रपणे जोडा, डाग द्या (सोल्डर करा) आणि वर चांगलं स्लीव्ह चढवा. डाग दिलेली तार थरथरून मोडू नये म्हणून जोडाच्या पुढेमागे ती बांधून ठेवा.

कपलर खोललेलाच आहे तर स्टेटर तपासून घ्या. इंजिन बंद, मीटर ओहमवर. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून मीटर काय दाखवतो ते बघा, तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं. तीन तारांच्या तीन जोड्या होतात. तिन्हींचा रोध सारखा आणि कमी हवा, बहुतेक गाड्यांत १ ओहमच्या आत. मग प्रत्येक तार आणि इंजिनची बॉडी यांमध्ये मोजा. इथे काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कॉइल अर्थ झाली, स्टेटर गेला. मात्र हा नियम तीन तारांच्या स्टेटरला. लहान, जुन्या, सिंगल फेजच्या पुष्कळ गाड्यांत कॉइलचं एक टोक मुद्दामच इंजिनला अर्थ केलेलं असतं. तिथे जोड दिसणं बरोबर आहे, आणि तेवढ्यावर चांगला स्टेटर फेकून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय काही जुन्या गाड्यांत कायम चुंबकाऐवजी करंट देऊन चुंबक बनवणारा रोटर असतो. त्यात ब्रश आणि रोटरची कॉइल आधी बघायची. तुमच्या गाडीत काय आहे ते वायरिंगच्या आकृतीवरून ठरवा.

रोधाची परीक्षा पास झाली म्हणून स्टेटरला सोडू नका. आतले दोनचार वेटोळे एकमेकांना शॉर्ट झाले तर रोधात इतका बारीक फरक पडतो की साधा मीटर तो पकडत नाही. खरी परीक्षा इंजिन चालू असताना. कपलर खोललेलाच ठेवा, मीटर एसी व्होल्टवर घ्या, बोटं दूर ठेवा, आणि गाडी चालू करून साधारण ५,००० आरपीएमवर तिन्ही जोड्या मोजा. किती व्होल्ट हवेत ते गाडीगणिक बदलतं, पुष्कळ गाड्यांत ते ५० च्या पुढे असतात. आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. दोन जोड्या ५५-५५ आणि एक ३० असेल तर निकाल लागला.

हे सगळं गरम इंजिनवर पुन्हा करा. तुम्हाला हे मी जास्त आग्रहानं सांगतोय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका गाडीवर मी एकाच महिन्यात दोन रेक्टिफायर बसवले. स्टेटर मी मोजला होता, तीनही आकडे सारखे होते. फक्त गाडी रात्रभर उभी होती तेव्हा मोजले होते. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी ती पाऊण तास चालवून आणली आणि उतरल्या उतरल्या मीटर लावला. एका जोडीचा आकडा निम्म्यावर आला होता. तार तापली की पसरते, तिच्यावरचं जुनं इनॅमलचं इन्सुलेशन तडकलेलं असतं, शॉर्ट होतो. थंड झाली की पुन्हा सज्जन. मॅग्नेटचं कव्हर उघडलं तर कॉइलचा एक भाग कोळशासारखा काळा होता आणि तेलाला जळका वास होता. त्या मालकाचे दोन रेक्टिफायर माझ्या उतावीळपणामुळे वाया गेले. तुमची तक्रार अर्ध्या तासानंतर सुरू होते, म्हणून तुमच्या गाडीचं थंड माप मला पुरेसं वाटणार नाही.

स्टेटर गरम असतानाही ठीक असेल तर रेक्टिफायर. मीटर डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टच्या) खुणेवर ठेवा, रेक्टिफायर गाडीपासून सुटा करा. प्रत्येक एसी पिन आणि पॉझिटिव्ह पिन यांच्यात एका दिशेने ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा आणि उलट्या दिशेने काही नाही, तसंच निगेटिव्हशी. दोन्ही दिशांनी शून्याजवळ दिसलं तर डायोड शॉर्ट, दोन्ही दिशांनी काहीच नाही तर डायोड तुटला. ही परीक्षा डायोडांची आहे, आत व्होल्टेज आवरणाऱ्या भागाची नाही. त्याचा निकाल मघाच्या १४.५-१५ च्या मापावरून लागतो. रेक्टिफायर कुठे बसवलाय तेही बघा. त्याच्या पाठीला धातूचा नीट टेकू आणि पुढून वारा हवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याची बॉडी हाच त्याचा अर्थ असतो, तिथला रंग खरवडा. मग इंजिन ४,००० वर ठेवून, हेडलाइट लावून, रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह तारेपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत आणि त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत सांडलेला व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे ०.२-०.३ च्या आत हवा. रेक्टिफायरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.१ असं दिसलं तर रेक्टिफायर निर्दोष आहे. दोष वाटेत आहे, बहुधा मुख्य फ्यूजच्या होल्डरमध्ये.

मघाशी इंडिकेटरचा बल्ब म्हणालो तो २१ वॅटचा घ्या आणि त्याला दोन तारा डाग देऊन जोडा. बारीक तारा तपासायला तो मीटरपेक्षा खरं बोलतो. गंजलेल्या जोडातून मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. तिथेच हा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर मागतो, आणि तेवढं मागितल्यावर कच्चा जोड लगेच उघडा पडतो. तुमच्या मिसिंगसाठी इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्ह तारेवर हा बल्ब लावून बघा. बॅटरीवर १२.५ आणि कॉइलपाशी १०.५, हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा रोग आहे. करंट किल्लीच्या स्विचमधून, किल स्विचमधून, तीनचार कपलरांतून फिरून येतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडी जकात भरतो.

बॅटरी उभ्या उभ्या उतरते का, हेही एकदा पक्कं करून घ्या. किल्ली बंद, निगेटिव्हची तार काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून ती तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये घाला. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या गाडीत जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. ५० मिलिअँपिअर फार वाटत नाही, पण ते दिवसाला १.२ अँपिअर-अवर होतात आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत झोपते. गळती दिसली तर आधी रेक्टिफायरचा कपलर काढा. आकडा लगेच शून्यावर आला तर त्याचा डायोड गळतोय. नाही आला तर फ्यूज एकेक काढत जा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटर जाईल.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उपाशी राहू शकते. सेल्फ एकदा मारण्यात फारसं काही जात नाही: ८० अँपिअर तीन सेकंद हा खर्च १ अँपिअरच्या चार्जिंगनं चार मिनिटांत भरून येतो. पण दहा-दहा सेकंद दळत राहिलात, मग सिग्नलला थांबत थांबत दोन किलोमीटर गेलात, हेडलाइट सतत लावलेला, त्यात बाहेरून लावलेले जादा दिवे, तर हिशेब रोज तुटीत जातो. जुन्या स्टेटरकडे शिल्लक ताकद थोडीच असते. दोन जादा दिवे काढून आठवडाभर बघा.

इंजिन सेल्फवर जोमानं फिरतंय आणि तरी पेटत नाही, हा मात्र वेगळा विषय आहे, त्याला बॅटरीच्या यादीत घुसडू नका. प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी बघा. कोरडा असेल तर कॉक, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि कार्बोरेटरचा पायलट जेट बघा. बराच काळ उभी राहिलेली गाडी असेल तर पायलट जेट जवळजवळ नक्कीच तुंबलेला असतो. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टची) गाडी असेल तर पॉइंटचं अंतर, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि त्यांच्यावरचा काळा थर. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हमधलं अंतर) फार टाइट झाले तरीही गाडी उचलत नाही, आणि हे कुणालाच लवकर सुचत नाही.

तर तुमच्या गाडीला मी या क्रमानं हात लावेन: बॅटरी बाहेर चार्ज करून सकाळचं माप, अर्थचा बोल्ट उघडून साफ, सेल्फ मारताना दोन्ही बाजूंचा सांडलेला व्होल्टेज, पिवळ्या तारांचा कपलर, आणि शेवटी पाऊण तास चालवून गरम स्टेटरचे तीन एसी आकडे. माझा संशय कपलर आणि गरम होणारा स्टेटर या जोडीवर आहे, सकाळच्या ‘टक’मध्ये अर्थचाही वाटा असेल. कुठलाही आकडा अडला तर तो, इंजिन थंड होतं की गरम, आणि लाइट लावलेला होता की नाही, एवढं कळवा. दुरुस्ती झाल्यावर लगतच्या तीन सकाळी किल्ली लावायच्या आधी बॅटरीवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा. तिन्ही दिवस तो १२.६ च्या खाली सरकला नाही, तर सेल्फची जुनी मोटर आहे तिथेच राहू द्या.